मागचा हात

कार्बोरेटरच्या बुडाशी एक छोटी वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात साठतं आणि मग इंजिनात जातं. ही वाटी ज्या स्क्रूंनी धरलेली असते, त्यातल्या एकाचं डोकं पार गुळगुळीत झालेलं होतं. कुणीतरी चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून, अंगातला सगळा जोर काढून तो फिरवला होता आणि फुलीच्या जागी वाटोळा खळगा करून ठेवला होता. 2019 च्या पावसाळ्यात पडवीत उकिडवा बसून मी त्या खळग्याकडे बघत होतो आणि तो करणाऱ्या, कधी न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. वाड्यांमध्ये मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी त्यांची ही चूक सुधारायचो, आता सुधारत नाही. जावळी तालुक्यातला माझा भाग म्हणजे कास पठाराच्या पलीकडे कोयनेच्या पाण्याकडे उतरत जाणाऱ्या वाड्या. डांबर संपलं की पुढे जांभ्याचे दगड, ओढे आणि जूननंतर घोट्याएवढा चिखल. आधीच्या शंभर सीसीच्या गाडीचं चेंबर दगडाला आपटून दोनदा फुटलं, तेव्हा उंच गाडी शोधायला लागलो. हिरोची इम्पल्स मला ठाऊक होती. 2011 मध्ये ती आली तेव्हा कच्च्या रस्त्यासाठी म्हणून बनवलेली आणि खिशाला परवडणारी दुसरी गाडी आपल्याकडे जवळपास नव्हतीच. 149 सीसीचं, हवेवर थंड होणारं इंजिन, पुढे 19 इंची आणि मागे 17 इंची तारांची चाकं, मागे एकच मोठा शॉकअप. ब्राझीलमध्ये होंडा ब्रॉस नावाची जी गाडी विकायची, तिचीच ही बहीण. आपल्याकडे तिला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि काही वर्षांत ती बंद झाली. पुण्यातल्या एका मुलाने घाट हिंडायला घेतलेली 2012 ची गाडी मला मिळाली. काट्यावर 31,000 किलोमीटर होते.

मेढ्यात आणि साताऱ्यात मिळून चार ठिकाणी ती दाखवली. चारही ठिकाणी गाडीभोवती एक चक्कर मारून झाली आणि एकच वाक्य ऐकायला मिळालं, "हिचं सामान मिळत नाही." ते अर्धंच खरं होतं. इंजिन सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंकच्या घराण्यातलं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट मिळतात. अडतं ते पुढच्या फोर्कपाशी, केबलींपाशी, प्लास्टिकपाशी. पण एका सीलसाठी कुणी आपल्या गॅरेजमधली जागा दोन आठवडे अडवून ठेवायची? त्यांच्या बाजूने तेही बरोबरच होतं. शेवटी पडवीत गोणपाट अंथरलं आणि एकेक पाना विकत घ्यायला लागलो.

पहिलं वर्षभर मी दुरुस्ती केलीच नाही, दुसऱ्याने केलेलं निस्तरलं. ऑइल काढायच्या बोल्टचे आटे गेले होते. नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी त्यावर गुंडाळून तो कसाबसा बसवला होता. क्लचच्या बाजूच्या झाकणाला पॅकिंग न घालता नुसतं सिलिकॉन फासलं होतं. ते जेवढं बाहेर ओघळलेलं दिसत होतं तेवढंच आतही ओघळलं होतं, आणि ऑइलच्या जाळीत त्याचे रबरासारखे तुकडे अडकले होते. जाळी बुजली की ऑइल वर चढत नाही आणि इंजिन कोरडं घासत राहतं. त्याच झाकणात एका जागी भलताच लांब बोल्ट घातलेला, म्हणून तिथला कान तडकलेला. या सगळ्या खुणांमागे मला एकच माणूस दिसायचा. कायम घाईत, हात तेलकट, आणि गिऱ्हाईक वळलं की हसणारा. मी त्याला 'मागचा' म्हणायला लागलो. "मागच्याने काय करून ठेवलंय बघ," हे वाक्य घरात इतक्या वेळा झालं की तेव्हा आठ वर्षांची असलेली माझी लेक टॉर्च धरून उभी असताना माझ्या आधीच विचारायची, "मागच्याने?"

साताऱ्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत. राजदूत आणि येझदीच्या दिवसांपासून या धंद्यात आहेत. त्यांनी माझ्या गाडीला हात लावला नाही, पण प्रश्नांना कधी नाही म्हटलं नाही. स्क्रूचं कोडं त्यांनीच सोडवलं. जपानी घराण्याच्या गाड्यांवरची फुली दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीसारखीच असते, पण तिची घडण थोडी वेगळी. फिलिप्सचा ड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि सरकताना कडा खाऊन टाकतो. काही स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, ती जपानी मापाची खूण. "जोर दाबायला लाव डॉक्टर, फिरवायला नको," ते म्हणाले. माझ्या त्या खळग्याला मात्र आता कुठलाच ड्रायव्हर लागणार नव्हता. हॅक्सॉच्या पात्याने त्यावर आडवी खाच पाडली आणि चपट्या ड्रायव्हरने तो सोडवला. अर्धा तास गेला. बाकीचे तीन दोन मिनिटांत निघाले.

त्यांच्याकडून दुसरी गोष्ट शिकलो ती पुठ्ठ्याची. इंजिनचं झाकण काढायचं तर आधी पुठ्ठ्यावर त्याची आकृती काढायची आणि निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यात जिथला तिथे टोचून ठेवायचा. बोल्ट दिसतात सारखे, पण लांबीत फरक असतो. आखूड जागी लांब बोल्ट गेला की तो तळाला टेकतो, माणूस तरी आवळतच राहतो आणि ॲल्युमिनियम तडकतं. माझ्या गाडीचा तुटका कान कसा तुटला ते तिथे उमगलं. तिसरी गोष्ट आकड्यांची. सामान गाडीच्या नावाने मिळत नसेल तर ते मापाने मागायचं. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. 6302 म्हणजे आतून 15, बाहेरून 42 आणि जाडीला 13 मिलिमीटर, मग ते मोटरसायकलच्या चाकात असो की दुसऱ्या कुठल्या यंत्रात. ऑइल सीलवरही तीन मापं छापलेली असतात. पुढच्या फोर्कचे सील मी व्हर्नियर घेऊन बेअरिंगच्या दुकानातून आणले. दुकानदाराने कुठल्या गाडीला हवेत हे विचारलंही नाही.

माझ्या नोकरीतल्या वस्तूही हळूहळू गोणपाटावर येऊन बसल्या. फोर्कच्या दोन्ही नळ्यांत ऑइल अगदी सारखं लागतं, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत. त्याला पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजपेक्षा चांगलं माप नाही. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला सलाईनची नळी. बुडबुडे दिसायचे थांबले की काम झालं, आणि ब्रेक ऑइलचा थेंब टाकीच्या रंगावर पडायच्या आधी पुसायचा, कारण ते रंग खातं. टॅपेट सेटिंग करतानाही नोकरी आठवायची. व्हॉल्व्ह आणि रॉकरच्या मध्ये साधारण 0.1 मिलिमीटरची फट ठेवायची असते. फट वाढली की टकटक ऐकू येते, म्हणून नवखा माणूस ती आवळून टाकतो आणि इंजिन गोड चालायला लागलं म्हणून खूश होतो. पण तापल्यावर धातू फुगतो, फट उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. तोही अगदी मुकाट. हंबरणाऱ्या गाईपेक्षा कोपऱ्यात गप्प उभ्या गाईकडे आधी बघावं, हे मला पंधरा वर्षांपूर्वी कळलं होतं. टॅपेटचं कळायला एक व्हॉल्व्ह जळावा लागला.

माझ्या हातून आणखीही बरंच काही झालं. एकदा गाडी चोकशिवाय चालेना. कार्बोरेटरमध्ये पायलट जेट नावाचं पितळी तोटीएवढं काहीतरी असतं. संथ चालीचं पेट्रोल त्यातूनच येतं. त्याचं भोक बुजलं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारायची सोडून मी बॅगेतली इंजेक्शनची सुई काढली आणि भोकात घातली. अगदी बसली. बसली याचंच कौतुक वाटलं. पितळ मऊ असतं. सुईच्या पोलादाने भोक रुंद केलं आणि गाडी धूर काढत पेट्रोल पिऊ लागली. नवीन जेट घालेपर्यंत दोन महिने गेले. त्याआधीचा चेनचा प्रकार. गाडी लाकडी ठोकळ्यावर उभी करून, मागचं चाक लोंबकळत असताना मी चेन छान ताणून बसवली. रस्त्याच्या गाडीला एवढ्याने फारसं बिघडलं नसतं. पण कच्च्या रस्त्याच्या गाडीचं मागचं चाक खूप वरखाली होतं. पुढचं चेन सॉकेट, मागच्या फोर्कची खीळ आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही एका ओळीत आले की चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. ठोकळ्यावर ताणलेली चेन, त्यावर मी, मागे लसींची पेटी, आणि खाली खड्डा. प्रत्येक खड्ड्याला चेन सॉकेटला हिसका देत राहिली. पावसाळा संपेपर्यंत सॉकेटमागचा सील गळायला लागला.

मिस्त्रींनी ओलावलेला सील बघितला, चेन बोटाने उचलून बघितली आणि विचारलं, "कुणी आवळली?" मी म्हणालो, "मीच." ते काही बोलले नाहीत. मला मात्र तेव्हा हे मागच्याच्या हिशेबात धरावंसं वाटलं नाही. मी शिकत होतो. मागचा निष्काळजी होता. दोन्हीत फरक होता, निदान मला तसं वाटत होतं.

2025 च्या मे महिन्यात पाऊस आधीच कोसळला. घटसर्प आणि फऱ्याच्या लसीकरणाचे दिवस होते आणि गाडी दगा द्यायला लागली. सरळ रस्त्याला चांगली चालायची, वळणावर अचानक विझायची, आणि ढकलत कडेला नेली की निमूट चालू व्हायची. वळणावर गाडी कलते, वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, म्हणून जेटला मिळत नाही, असं शास्त्र मी रचलं आणि ते माझं मलाच पटलं. त्याच वर्षी पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशाने गाठलं होतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. आमच्या आबांचा ऊस कारखान्यावर जातो, त्यामुळे घरचाच माल माझ्या कार्बोरेटरमध्ये येऊन बसला असेल, असं मी जेवताना बोलून दाखवलं. आबांनी ताटातून वर न बघता विचारलं, "आधी खोलून बघितलंस का?"

दोन रविवार खोलण्यात गेले. वाटी स्वच्छ निघाली. पाणी नाही, गाळ नाही, फ्लोट मोकळा. प्लग बदलला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासलं. ते बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरत नाही. तेही मोकळं. प्रत्येक वेळी गाडी पडवीत चालू करायचो आणि ती घड्याळासारखी चालायची. अर्धा अर्धा तास चालायची. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर विझायची. ज्या यंत्राचा रोग फक्त रस्त्यावर दिसतो, त्याला पडवीत किती वेळ बघत बसणार?

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी गाडी अशीच चालू होती. बायकोला पागोळ्यांखाली पाण्याचा ड्रम लावायचा होता. "अहो, हिचं तोंड जरा तिकडे फिरवते," ती म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने हँडल डावीकडे वळवलं. गाडी विझली. तिने दचकून हँडल सरळ केलं. मी बटण दाबलं, गाडी चालू. मी हँडल डावीकडे वळवलं. विझली.

दोन रविवार ती ठोकळ्यावर नाक सरळ ठेवून उभी होती. हँडल फिरवून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

हँडलच्या मानेपाशी वायरांचा जुडगा वाकतो. गाडी वळते तितक्या वेळा तो वाकतो, आणि वर्षानुवर्षं वाकून एखादी वायर वरचं वेष्टन शाबूत राहून आतल्या आत तुटते. हेडलाइट सोडवून मी जुडगा बाहेर ओढला. लेक आता चौदा वर्षांची आहे, टॉर्च अजून तिच्याकडेच असतो. किल्लीच्या स्विचकडून येणारी काळी वायर, तिच्यावर काळ्या चिकटपट्टीची सुटत आलेली गाठ. आत जोड होता, आणि तो नेमका वाकायच्या जागी दिला होता. "जोड द्यायला हीच जागा सापडली?" मी म्हणालो. लेकीने सवयीने विचारलं, "मागच्याने?"

काळी पट्टी सोडवली. तिच्या आत पांढरी पट्टी होती. जखमेच्या बँडेजवर लावतात ती, कापडी. ओल लागून तिचा गोंद चिकट पिवळा झाला होता, पण वास तोच होता. माझ्या बॅगेतला.

सप्टेंबर 2022. लम्पी आला होता. गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत आम्ही वाड्या पालथ्या घालत होतो. ती लस सुकी भुकटी असते. एकदा द्रवात कालवली की काही तासांत संपवावी लागते. बामणोलीच्या बाजूला दोन वाड्यांवर मिळून चाळीस जनावरं सकाळपासून बांधून ठेवलेली, अर्ध्यांना टोचून झालेलं, उरलेल्यांसाठी पलीकडच्या वाडीवर जायचं. पेटीत बर्फ विरघळत होता आणि वळणावर गाडी विझली. पाऊस असा की डोळे उघडता येत नव्हते. बरोबरच्या पोराने वर इरलं धरलं, मी ड्रेसिंगच्या कात्रीने वायर कापली, सोलली, पिळली आणि हाताला लागली ती पट्टी गुंडाळली. दहा मिनिटांत निघालो. घरी गेल्यावर नीट करू, असं तेव्हा ठरवलं होतं. घरी गेल्यावर वरून काळी पट्टी गुंडाळली आणि झालं म्हटलं. लम्पी पुढे कित्येक महिने चालला. जोड जवळपास तीन वर्षं चालला.

लेकीला मी सांगितलं. "मी." तिने टॉर्च जरा जवळ आणला, एवढंच.

त्या रात्री बराच वेळ मला तो झिजवलेला स्क्रू आठवत राहिला. तो कुणी, कुठल्या वेळी फिरवला असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. असेल कुणी घाईतला. पण घाई कशाची, हे मला त्या खळग्यावरून वाचता आलं नव्हतं, आणि माझ्या पट्टीवरून पुढच्यालाही वाचता आलं नसतं. त्याला दिसला असता तो वाकायच्या जागी दिलेला गबाळा जोड. चाळीस जनावरं दिसली नसती. तरी मी मागच्याला सगळं माफ करत नाही. जाळीतलं सिलिकॉन चूक ते चूकच. पावसात वायर पिळणं ही काही चूक नव्हे, त्या दिवशी तेवढंच शक्य होतं. चूक झाली ती त्याकडे पुन्हा न वळण्याची. गॅरेजवाल्याला वळायची सोय तरी कुठे असते? गाडी एकदा बाहेर पडली की पुन्हा त्याच्याकडे येईलच असं नाही. घरी दुरुस्ती करण्यात पैसे वाचतात असं लोक म्हणतात. माझे तर हत्यारांत त्याहून जास्त गेले. घरी करण्याचा खरा फायदा एवढाच की गाडी पुन्हा त्याच हाताखाली येते. तो मला जवळपास तीन वर्षं मिळालेला होता आणि मी तो वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरचा नवा, लांब तुकडा घातला, म्हणजे जोड मानेपासून दूर टाकीखाली गेला, जिथे काही वाकत नाही. कथलाचा डाग दिला, कारण पिळलेल्या तारा ओलीने काळ्या पडतात. वरून तापवली की आवळून बसणारी रबरी नळी चढवली. वाकायच्या जागी डाग देऊ नये हेही तेव्हाच कळलं, कारण कथलाने तार ताठ होते आणि कडेला पुन्हा तुटते.

2027 मध्ये गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं होतील. पुन्हा नोंदणी करून ठेवीन की कुणाला देईन, अजून ठरवलेलं नाही. पण दवाखान्यातल्या नोंदवहीसारखी एक वही आता पडवीतल्या कोनाड्यात आहे. काय केलं, केव्हा, कुठल्या मापाचं सामान घातलं, काय तात्पुरतं ठेवलंय. पहिल्या पानावर मी आठवेल तसं मागचं लिहून काढलं. व्हॉल्व्ह, जेट, चेन, सॉकेटचा सील, सगळ्यापुढे 'मी'. शेवटची ओळ लेकीने लिहिली, मी सांगत गेलो तशी:

हेडलाइटमागची काळी वायर. जोड बदलला, जागा बदलली. आधीचा जोड सप्टेंबर 2022 चा, बाबांचा. पाऊस होता.

शेवटचे दोन शब्द मी सांगितले नव्हते.